न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर



१८६२ पासूनचे मेयो रुग्णालय, १९४७ पासूनचे मेडिकल कॉलेज, २०१८ मध्ये आलेले एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी केंद्रे यांच्या भरवशावर विदर्भाचाच नव्हे, तर बालाघाट-छिंदवाड्याचा रुग्णही नागपुरात तपासणीला येतो. आजचा विषय त्याच्या तपासणीत न शोधता सापडणाऱ्या गोष्टींचा आहे.

एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बनला जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले, तेव्हा डॉक्टर पाहत होते ते औषधाने भरलेल्या नळ्यांचे जाळे. आजची सिटी अँजिओ आजूबाजूचे सगळेच दाखवते. हृदयाच्या धमन्या स्वच्छ निघतात आणि कडेला फुफ्फुसात गाठ दिसते. मानेच्या डॉपलरमध्ये थायरॉईडची गाठ सापडते. मेंदूतील धमनीचा न फुटलेला फुगा तर सुमारे ३ टक्के प्रौढांत असतो, आणि त्यातले बहुतेक कधीच फुटत नाहीत. डाव्या मूत्रपिंडाची शीर महाधमनीच्या मागून गेली, तर त्या माणसाला सहसा काही त्रास नसतो. पण उद्या तो मूत्रपिंडदाता झाला, तर शल्यचिकित्सकाला ते आधी ठाऊक असलेच पाहिजे.

फुफ्फुसाच्या गाठींसाठी आपण परदेशी मोजमापे वापरतो. आपल्याकडे क्षयाचे जुने, बरे झालेले व्रण घरोघरी आहेत. ती मोजमापे जशीच्या तशी लावणे मला पटत नाही.

पण माझी खरी चिंता रिपोर्टच्या पुढच्या प्रवासाची आहे. भामरागडचा माणूस फिल्मची पिशवी घेऊन रात्रीच्या बसने परततो. ‘हृदय ठीक आहे’ एवढेच त्याला सांगितलेले असते. पोटातली महाधमनी ४ सेंटिमीटर रुंद असल्याची ओळ दुसऱ्या पानावर राहते. पोटातली महाधमनी ३ सेंटिमीटरला पोहोचली की तिच्यावर लक्ष ठेवायचे आणि पुरुषांत साडेपाचच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार करायचा, हे आपण सारे शिकलो आहोत. पण पुन्हा बोलावलेच नाही, तर ती वाढली हे कळणार कसे? उलट, निरुपद्रवी गोष्टीचे मोठे इंग्रजी नाव मोबाइलवर वाचून झोप उडालेली माणसेही मी पाहिली आहेत. दोघांवरही अन्याय होतो.

निवासी डॉक्टरांनो, रिपोर्टच्या शेवटी आकार, काळजीचे कारण आहे की नाही, आणि पुढची तपासणी केव्हा, हे स्पष्ट लिहा. पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. रुग्णाला मराठीत, हिंदीत, गरज पडली तर गोंडी-माडिया जाणणारा सहकारी बोलावून सांगा.

परिषदेच्या समारोपापूर्वी, न शोधता सापडलेल्या गोष्टी कशा नोंदवाव्यात याचा एक पानी सामाईक मसुदा तयार व्हावा. त्यासाठी आपल्या विभागात आज अशा गोष्टी रुग्णाला कशा कळवल्या जातात, ते प्रत्येक प्रतिनिधीने लिहून नोंदणी कक्षात द्यावे, ही स्वागत समितीची आग्रहाची विनंती.