डाळीच्या मुळाशी



आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील एक अधिकारी आणि शिक्षणाने कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा खतांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार रोज वरण खाणाऱ्याचा, एवढाच. परंतु आपल्यापैकी अनेकांची वडिलार्जित जमीन काळी आहे आणि मुक्काम बंगळूरच्या तांबड्या मातीवर आहे. या दोन्ही मातींत डाळीचे पीक आपले अन्न कसे मिळवते, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

कडधान्यानंतर घेतलेले पीक जोमदार येते, हे आपला शेतकरी शास्त्राच्या आधीपासून ओळखून आहे. यालाच तो बेवड म्हणतो. हवेतील नत्र पिकास मिळवून देण्याचे काम मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू करतात. मात्र हे काम विनामूल्य होत नाही. त्यास लागणारी शक्ती वनस्पती पुरवते आणि त्या शक्तीची देवघेव स्फुरदाच्या संयुगांमार्फत चालते. स्फुरद अपुरे पडले की मुळे खुरटतात, गाठी कमी धरतात, फुलोरा लांबतो आणि शेंगा थोड्या लागतात. म्हणजे स्फुरदाची उणीव अखेर नत्राचीही उणीव होऊन बसते.

मग स्फुरद सढळ हाताने घालावे काय? तसेही नाही. बंगळूरभोवतीच्या तांबड्या मातीत लोह व ॲल्युमिनियम त्यास जखडून ठेवतात; काळ्या मातीत तेच काम चुना करतो. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्यास साधारणतः १५ ते २० टक्केच येते. शिवाय ते अतोनात झाल्यास पिकास जस्ताची उणीव भासू लागते.

येथे निसर्गाची योजना पाहण्यासारखी आहे. तुरीच्या मुळांतून पाझरणारे पिसिडिक आम्ल लोहाशी जखडलेले स्फुरद मोकळे करते, असे हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ संस्थेतील संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले. हरभऱ्याच्या पानांवरील आंब आपल्या परिचयाची आहे; त्याची मुळेही सायट्रिक आम्ल सोडून चुन्याने बांधलेले स्फुरद सोडवून घेतात. या भागातील शेतकरी नाचणीच्या शेतात तुरीची वा अवरेची ओळ पेरीत आला आहे. त्या पद्धतीस कन्नडमध्ये ‘अक्कडी सालु’ म्हणतात. थंडीत येथील बाजारात जिचा दरवळ सुटतो, ती अवरेकाई आपल्या वालाचीच सोयरी होय.

तथापि केवळ मुळांवर भिस्त ठेवून भरघोस उत्पन्न येणार नाही. तुरीस सर्वसाधारणपणे हेक्टरी २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद देण्याची शिफारस आहे. डी. ए. पी.ची दोन पोती घातली, तर ४६ किलो स्फुरद व १८ किलो नत्र मिळते. सुपर फॉस्फेट वापरल्यास सहा पोती लागतात, परंतु त्यातून गंधकही मिळते. स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही. म्हणून ते फोकून न देता दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याखाली पेरावे. बियाण्यास रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू चोळावेत आणि माती तपासूनच मात्रा ठरवावी.

हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खतांवरील किंमत-नियंत्रण उठले. युरियावरील कायम राहिले. २०१० साली पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला गेला. परिणामी ज्या नत्राची डाळीच्या पिकास सर्वांत कमी गरज, तेच स्वस्त राहिले. स्फुरदाचा बहुतेक कच्चा माल मोरोक्को, जॉर्डन यांसारख्या देशांतून येतो आणि खनिजाचे साठे अक्षय नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याने हात आखडता घेतला, तर आपल्या ताटातील वरणच पातळ होणार.

म्हणून आमची एवढीच विनंती की, ज्यांची शेती गावी भाऊबंद कसत आहेत, त्यांनी पुढच्या पेरणीपूर्वी मातीची तपासणी करवून घ्यावी आणि त्या खर्चाचा भार स्वतः उचलावा.