बियाण्याचा धंदा आणि घरची कणगी

घरचे बी उगवत असता विकतचे कोण घेईल? बियाण्याच्या व्यापाऱ्याची पहिली चढाओढ असते ती शेतकऱ्याच्या कणगीशी. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ केला व १९६४ साली 'महिको' कंपनी स्थापिली. पुढे संकरित वाणांनी कणगीस मागे सारिले. कारण संकराचा जोम पहिल्या पिढीत पुरता उतरतो, घरी राखलेल्या बियांत तो ओसरतो. पीक वाढले, धंदाही फोफावला. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पारितोषिक लाभले, ते यथायोग्यच. जालन्यात इतरही बियाणे-कंपन्या उभ्या राहिल्या. ग्राहकास निवड मिळाली. परंतु, श्रोतेहो, पावसाने दडी मारून दुबार पेरणी ओढवली, की रिकाम्या कणगीच्या धन्यास पिशवी पुन्हा विकतच आणावी लागते.