ही रांग आहे तरी कुठे?

(मासिक बैठकीत चर्चेच्या सुरुवातीला केलेलं भाषण)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यातल्याच एका मित्राचा मला फोन आला. म्हणाला, "यात चर्चा कसली? आपण रांगेत उभं राहून इथे आलो. हे बोटवाले रांग मोडून घुसतात." मला त्याचा राग आला नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं बोलत आलो आहे. आज त्या वाक्याबद्दलच बोलणार आहे.

आधी थोडे आकडे. २०१८ साली छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून २९९ माणसं ब्रिटनमध्ये आल्याची नोंद आहे. २०२२ साली हा आकडा ४५ हजारांच्या वर गेला. डोव्हरजवळ दोन किनाऱ्यांमधलं अंतर जेमतेम ३३ किलोमीटर. पण हा जगातल्या सर्वात गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक आहे, आणि पाणी गारठवणारं. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी तिथे एक रबरी बोट बुडाली आणि किमान २७ माणसं गेली. बोटीतल्यांनी फोन करून फ्रान्स आणि ब्रिटन, दोघांकडेही मदत मागितली होती.

आता एक साधा प्रश्न. दलाल या प्रवासाचे जे पैसे घेतो, त्यात विमानाचं तिकीट आरामात येतं. मग ही माणसं विमानाने का येत नाहीत?

१९९८ साली मी सहार विमानतळावरून निघालो तेव्हाची गोष्ट. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट तीनदा उलटसुलट करून पाहिला, वर्क परमिटचा कागद आत जाऊन साहेबाला दाखवून आणला. माझ्या पोटात गोळा आला होता. वाटलं, ही विमान कंपनीची नोकर, हिला माझ्या परमिटची एवढी काळजी कशाला?

काळजीचं कारण मला बऱ्याच वर्षांनी समजलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये श्रीलंकेतून आलेल्या तमिळ आश्रयार्थींना हीथ्रोवरून परत धाडायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी विमानतळावरच कपडे उतरवून निषेध केला. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा केला: योग्य कागदपत्रं नसलेला प्रवासी आणला, तर विमान किंवा जहाज कंपनीला दंड. आधी माणशी १ हजार पौंड, पुढे २ हजार. तेव्हापासून ब्रिटनची सीमा राखायचं काम दूरदेशीच्या काउंटरवरची ती मुलगी करते. माझ्याकडे कागद होता, म्हणून मी विमानात बसलो.

आणि आश्रयासाठी असा कागद मिळतच नाही. आश्रयाचा अर्ज ब्रिटनच्या भूमीवर पाय ठेवल्यावरच करता येतो, आणि तो करण्यासाठी इथे यायला व्हिसा नाही. काही देशांसाठी खास योजना निघाल्या, संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीने थोडी माणसं येतात. पण सुदान किंवा इरिट्रियातल्या माणसाने स्वतः जाऊन अर्ज द्यावा, अशी खिडकी नाही. ज्या रांगेत आपण उभे होतो ती नोकरीची होती. त्यांच्यासाठी रांगच नाही, तर ती मोडणार कशी?

खिडकी उघडली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०२२ पासून युक्रेनमधून दोन लाखांहून जास्त माणसं व्हिसा घेऊन इथे आली. त्यांना रबरी बोटीत बसावं लागलं नाही.

आता दुसरी बाजू. फ्रान्स सुरक्षित देश आहे, तिथेच का थांबत नाहीत? पुष्कळ जण थांबतात. आश्रयाचे अर्ज बहुतेक वर्षी ब्रिटनपेक्षा फ्रान्सकडे जास्त येतात. पुढे येणाऱ्यांचे कोणी नातेवाईक इथे असतात, कोणाला इंग्रजी येत असतं. येणारा प्रत्येक जण खरा निर्वासित असतो का? नाही. नीट चौकशी होऊन ज्याचा अर्ज फेटाळला गेला त्याला परत पाठवावं, हे मला मान्य आहे. आणि खिडकी उघडली तरी तिला मर्यादा असेल. त्या मर्यादेबाहेर राहिलेला माणूस बोटीकडे वळणारच नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण नुसता धाक दाखवून काय साधलं? रवांडा योजना २०२२ मध्ये जाहीर झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती बेकायदा ठरवली. मग संसदेने नवा कायदा केला, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने योजनाच गुंडाळली. सरकारी हिशेबाने खर्च झाला ७० कोटी पौंड, आणि रवांडाला गेली चार माणसं, तीही आपखुशीने. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सशी झालेला करार अमलात आला: बोटीने आलेला एक परत पाठवायचा, आणि त्याच्या बदल्यात फ्रान्समधून एकाला रीतसर आणायचं. संख्या अगदी लहान, पण बोटीऐवजी अर्ज करून येण्याची वाट त्यात निदान मान्य झाली.

म्हणून चर्चेसाठी तीन प्रश्न ठेवतो. खिडकी उघडायची तर वर्षाला किती माणसांसाठी? निवड कोणी करायची? आणि ज्यांना नकार मिळेल त्यांचं काय करायचं? यांवर आपलं एकमत होणार नाही, व्हावं असा आग्रहही नाही. विनंती एवढीच, की 'आम्ही रांगेत होतो' हा मुद्दा आज कोणी मांडू नये.

ज्याचा फोन आला होता तो मित्र समोरच बसला आहे. पहिलं बोलणं त्याचं.