पक्षाघातानंतर पुन्हा पाऊल
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह आणि संघटना या विषयांवर भाषणे होतात. यंदा कार्यवाहांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही आपल्या घरांतील एका उपेक्षित दुःखाचा विषय घेतला. पक्षाघात, ज्याला आपण अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतो, तो झाल्यावर माणूस पुन्हा चालू शकतो काय, आणि त्यासाठी घरच्यांनी व समाजाने काय करावे, हा तो विषय होय. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि आयुष्यभर मुलांना अक्षरओळख करून दिलेले निवृत्त शिक्षक आहोत. परंतु गेली काही वर्षे ज्ञातीतील आजारी मंडळींच्या भेटीस जाण्याचे काम आमच्याकडे आहे. त्या निमित्ताने फिजिओथेरपी करणाऱ्या तज्ज्ञांचे काम जवळून पाहण्याचा योग आला, आणि जे वाचता आले ते वाचले. त्याचा सारांश आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम रोगाविषयी थोडक्यात. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गाठीने बंद होते किंवा फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालविते आणि उजवी बाजू डावी. म्हणून आघात डोक्यात होतो, पण पांगळा दिसतो तो हात आणि पाय. तोंड अचानक वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच घटकाभरही न थांबता मोठ्या रुग्णालयात जावे. वाहिनी गाठीने बंद झाली असेल तर ती विरघळविण्याचे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. हे सर्वांनी पाठच करून ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. पायात बळ नाही म्हणून रुग्ण चालत नाही, असे आपण समजतो. वस्तुतः पायाचे स्नायू शाबूत असतात. त्यांना हुकूम देणारी जागा गेलेली असते. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. परंतु त्याच्या शेजारचे व इतर भाग ते काम थोडेफार शिकून घेऊ शकतात, हा अलीकडील काही दशकांतील मेंदूशास्त्राचा फार मोठा दिलासा आहे. मात्र ते शिकतात कसे? ज्याप्रमाणे मूल पाटीवर अक्षर गिरविते, त्याप्रमाणे. शिक्षकाने मुलाचा हात धरून शंभर वेळा अक्षर काढले, तरी मुलाने स्वतः ते गिरविल्यावाचून त्याच्या बोटांत येत नाही. पायाचेही तसेच आहे. दुसऱ्याने पाय चोळला, हलविला, तेल लावले, तर सांधे मोकळे राहतील व रुग्णाला बरे वाटेल. पण चालणे येते ते चालण्याच्या प्रयत्नानेच. ज्या घरी दिवसातून दोनदा मालीश होते पण रुग्ण एकदाही उभा राहत नाही, तेथे पाटी स्वच्छ पुसलेली असते, पण अक्षर कोणी गिरवीत नाही. पारव्याचे रक्त चोळण्यासारख्या उपायांत तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात, आणि त्यातला वेळ परत मिळत नाही.

वेळेविषयी आम्ही इतके आग्रहाने का बोलतो, ते सांगतो. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे ८०४ रुग्णांचा अभ्यास झाला व तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. चालण्यात जी सुधारणा व्हावयाची ती १०० पैकी ९५ रुग्णांत पहिल्या ११ आठवड्यांच्या आत पूर्ण झाली, असे त्यात आढळले. म्हणजे आघातानंतरचे पहिले अडीच महिने हे सोन्याचे दिवस होत. आणि आपल्याकडे नेमके हेच दिवस "आता विश्रांती घ्या" या वाक्यात जातात!

तथापि घाईचाही अतिरेक नको. ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. पहिल्या २४ तासांतच ज्यांना उठवून वारंवार व दीर्घकाळ हालचाल करविली, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपेक्षा किंचित उणीच निघाली. तेव्हा पहिला दिवस डॉक्टरांचा. त्यानंतर त्यांच्या अनुमतीने थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा उठविणे, हा मध्यम मार्ग होय.

व्यायामोपचाराचा क्रम साधारण असा असतो. आधी अंथरुणात कुशीवर वळणे, मग पाय खाली सोडून आधाराशिवाय बसणे, मग बसल्या जागेवरून उठणे, मग उभे राहून दुबळ्या पायावर भार घेणे, आणि शेवटी पाऊल. यांपैकी बसून उठण्याचा व्यायाम सर्वांत मोलाचा आणि बिनखर्ची आहे. टणक, जरा उंच खुर्ची घ्यावी. दोन्ही पावले गुडघ्यांच्या किंचित मागे ओढावी, धड पुढे झुकवावे आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठावे. रुग्ण सगळा भार चांगल्या पायावर टाकतो, तेव्हा दुबळा पाय शिकत नाही. तेथे घरच्यांनी लक्ष ठेवावे. उठविताना लुळा हात धरून कधीही ओढू नये. खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे रुग्ण उठावयासच नकार देतो. आधार देणाऱ्याने दुबळ्या बाजूस उभे राहावे. काठी मात्र चांगल्या हातात असावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, हे सूत्र मुलांनासुद्धा पाठ करून द्यावे. तीच आजोबांना आठवण करून देतील.

पुष्कळांचे पाऊल पुढून लोंबते, अंगठा जमिनीला घासतो आणि पाय बाहेरून अर्धवर्तुळात फेकावा लागतो. अशांसाठी पोटरीमागून तळव्याखाली जाणारी हलक्या प्लास्टिकची पट्टी मिळते. तिला एएफओ म्हणतात. काहींना गुडघ्याच्या बाहेरील बाजूच्या नसेस सौम्य विद्युतप्रवाह देऊन पाऊल उचलण्यास साहाय्य करतात. पोटरी फारच ताठरली असेल तर डॉक्टर विशिष्ट इंजेक्शनाने ती काही महिन्यांपुरती सैल करतात. त्या काळात व्यायाम केला तरच त्याचा उपयोग. घरात निसरड्या फरशीवर सपाता घालून चालू नये. मागे पट्टा असलेले पादत्राण वापरावे आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा.

आता पैशाच्या प्रश्नाकडे वळू, कारण आपल्यासारख्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांना तो टाळता येत नाही. मोठ्या शहरांत पट्ट्याने शरीर तोलून धरून चालविणारी यंत्रे आली आहेत. ती पाहून "आपल्याजवळ पैसा नाही, म्हणून आपला माणूस चालणार नाही" असे कित्येक जण मनाशी ठरवितात. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना अशा यंत्रावर चालविले. काहींच्या घरी तज्ज्ञाने जाऊन बळाचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम करवून घेतले. वर्षअखेर दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. एकूण रुग्णांपैकी ५२ टक्क्यांची चालण्याची पायरी वर सरकली. विशेष म्हणजे ज्यांचे यंत्रावरील शिक्षण आघातानंतर सहा महिन्यांनी सुरू झाले, तेही वर्षअखेर इतरांच्या बरोबरीस आले. म्हणून उशीर झालेल्यांनीही हात टेकू नयेत. ज्यांना आरंभी मुळीच चालता येत नाही त्यांना पहिल्या तीन महिन्यांत यंत्राची जोड उपकारक ठरते, असे इतर अभ्यासांवरून दिसते. परंतु ती जोडच. मूळ काम माणसाचे.

मग तज्ज्ञ तरी कशाला, घरचेच करतील, असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशात शोधले गेले आहे. भारतातील १४ रुग्णालयांतून १,२५० रुग्ण घेऊन घरच्या माणसांना व्यायाम शिकविण्याचा प्रयोग झाला. २०१७ साली त्याचा निष्कर्ष आला, तो असा की सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के, राहिले. घरच्यांचे प्रेम व्यर्थ आहे, असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. तज्ज्ञाच्या जागी घरच्यांना बसवून भागत नाही, एवढाच बोध घ्यावयाचा. आज कोणती पायरी, किती वेळा, कोठे चुकते, हे शिकलेल्या डोळ्यास दिसते. घरच्यांनी ते दिवसभर गिरवून घ्यावे. शाळा आणि घर या दोहोंवाचून मूल शिकत नाही, तसेच हे आहे.

प्रगती मोजण्याची एक सोपी रीत आहे. ओसरीवर किंवा गॅलरीत खडूने दहा मीटरचे अंतर आखावे आणि दर रविवारी घड्याळ लावून पाहावे. दहा मीटरला पंचवीस सेकंदांहून अधिक लागत असतील, तर चालणे बहुधा घरापुरतेच राहते. साडेबारा सेकंदांपर्यंत वेळ उतरला, तर माणूस देवळात, बाजारात निर्धास्त जाऊ शकतो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. ज्या रुग्णास "आपण सुधारत नाही" असे वाटते, त्याला चार सेकंदांची बचत पाहून जो हुरूप येतो, तो कोणत्याही उपदेशाने येत नाही.

मनाचीही काळजी घ्यावी. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मंडळींना खिन्नतेचा विकार जडतो. त्यावर उपचार आहेत. उजव्या मेंदूला इजा झालेल्या काहींना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. ते चौकटीला खांदा आपटतात, ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवतात. त्यांना निष्काळजी म्हणून रागावू नये. डाव्या मेंदूला इजा झालेल्या काहींना शब्द सापडत नाहीत, पण पुष्कळसे कळत असते. त्यांच्यादेखत "यांचे आता काय राहिले" असे बोलू नये.

आमच्या परिचयाच्या एका घरी सासूबाईंना पाण्याचा पेला हातात देण्याचा सुनेचा नेम होता. शिकविण्यास येणाऱ्या तरुण मुलीने सांगितले, "वहिनी, तांब्या पाच पावलांवर ठेवा, आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा." पहिल्या दिवशी सासूबाई रुसल्या, सून रडली. तांब्या मात्र तेथेच राहिला. तीन महिन्यांनी सासूबाई काठी टेकीत तुळशीला पाणी घालू लागल्या. सेवा म्हणजे सर्व काही हातात देणे नव्हे. पडू न देता करू देणे, ही अधिक कठीण सेवा आहे.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, आपला रुग्णसाहाय्य निधी रुग्णालयाच्या बिलास हातभार लावतो आणि रुग्ण घरी आला की थांबतो. खरे शिक्षण तेथेच सुरू होते. तेव्हा गरजू कुटुंबास पहिले तीन महिने घरी येणाऱ्या तज्ज्ञाच्या शुल्कापैकी निम्मी रक्कम या निधीतून द्यावी. दुसरी, बऱ्या झालेल्यांच्या घरी माळ्यावर पडलेल्या काठ्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या व कमोडच्या खुर्च्या गोळा करून कार्यालयात एक कपाट करावे आणि नोंदवहीत सही घेऊन त्या वापरावयास द्याव्या. तिसरी, मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे कार्य करीत आहे. महाराष्ट्रात या विषयाची महाविद्यालयेही आहेत. आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत इंजिनिअर आणि डॉक्टर आहेत; त्यात व्यायामोपचार शिकणाऱ्या मुलामुलींची नावेही दिसावीत.

पुढील संमेलनात, आज अंथरुणावर असलेल्या ज्ञातिबांधवांपैकी एक जरी आपल्या पायांनी या सभागृहात आला, तर त्याला पहिल्या रांगेत आसन द्यावे, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.