पदवीनंतरचा चेंडू

दहावीचं वर्ष आलं की पुण्यातल्या हडपसरमधल्या कित्येक घरांत क्रिकेटचं किट माळ्यावर जातं. आईवडिलांचा हिशेब रास्तच आहे. खेळात नाव झालं नाही तर हाताशी पदवी हवी. मला पटत नाही ते त्यामागचं गृहीतक, की पदवी घ्यायची तर खेळ तिथेच संपतो. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर 2010 साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, 2013 मध्ये मुंबईकडून रणजीत उतरला. पुढची वाट दिसेना, तेव्हा 2015 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेला. मग ओरॅकलमधली नोकरी सांभाळून तो खेळत राहिला. 6 जून 2024 रोजी टी-20 विश्वचषकात, डॅलसजवळ, मुळात बेसबॉलसाठी बांधलेल्या मैदानावर, पाकिस्तानविरुद्धचा सामना बरोबरीत सुटल्यावर अमेरिकेने सुपर ओव्हर त्याच्याच हाती दिली. पाकिस्तानला 19 धावा हव्या होत्या, झाल्या 13.

तिथे क्रिकेटचा दर्जा कमी म्हणून जमलं, असं कुणी म्हणेल. ते निम्मं खरं आहे. पण सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा या दोघांना बाद केलं, तिथे दर्जाचा मुद्दा लंगडा पडतो. हा अपवाद आहे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याचं उत्तर अमेरिकी बेसबॉलमध्ये सापडतं. तिथे महाविद्यालयीन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, साधारण तिसऱ्या वर्षानंतर व्यावसायिक निवडीला पात्र होतो आणि मग दुय्यम लीगच्या पायऱ्या चढत राहतो. पाच-सहा डाव टाकण्याचा दम नाही, पण एका डावापुरता भेदक आहे, अशा गड्याला घरी न पाठवता ‘रिलीफ पिचर’ करतात, म्हणजे सामना अटीतटीला आला की बोलवायचा माणूस. नुसत्या वेगवान हातावर हे साधत नाही. 2008 मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने करारबद्ध केलं. दोघांपैकी कुणीही मेजर लीगपर्यंत पोचलं नाही. माझ्या मते महाविद्यालयीन सामन्यांची वर्षं त्यांच्या गाठीशी नव्हती, हे त्याचं मोठं कारण.

आपल्याकडे पदवीची परीक्षा झाली की आंतरमहाविद्यालयीन संघाचं दार बंद, आणि बाहेर टेनिस बॉलच्या स्पर्धांखेरीज फारसं काही नाही. हे दार उघडं ठेवायला नवं स्टेडियम लागत नाही. हडपसरच्या अण्णासाहेब मगर, एस. एम. जोशी यांसारख्या महाविद्यालयांनी संध्याकाळच्या सरावाला माजी विद्यार्थ्यांनाही घ्यावं आणि मगरपट्ट्यातल्या कंपन्यांनी आपल्या संघांचे सामने त्यांच्याशी लावावेत, एवढी विनंती.