पट्टीमागचं पाणी

मागच्या खेपेला आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही ताई गॅरेजात कामाला लागली की काय! आज मी गाडीच्या अंगावर बाहेरून ठोकलेल्या पट्टीबद्दल बोलणार आहे. त्या पट्टीने आमच्या गटाचं पन्नास किलो पीठ घालवलं आणि दोन मैत्रिणींचं बोलणंही महिनाभर बंद पाडलं.

आमच्या गटाकडे एक जुनी मॅटाडोर आहे. पुण्याची बजाज टेम्पो कंपनी, तिलाच आता फोर्स मोटर्स म्हणतात, ती ही गाडी बनवायची. एके काळी लग्नाचं वऱ्हाड, दूध, भाजीपाला, सगळं मॅटाडोरनेच जायचं. आमच्या गाडीची मागची बॉडी लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बांधलेली आहे. आत एका बाजूला शेगडी, ओटा आणि पिठाचे डबे. दुसऱ्या बाजूला दोन रुंद फळ्या, त्यावर रात्री आम्ही चौघी झोपतो. झोपण्याची सोय का? तर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीला पहाटेपासून गर्दी असते, म्हणून आदल्या रात्रीच जाऊन जागा धरावी लागते. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, माघात शेगावला प्रकटदिन. थंडीवाऱ्यात बायांनी रस्त्याच्या कडेला कुठे निजायचं? सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "आपली कॅराव्हॅन तं कधीचीच चालू आहे, फक्त तिच्यात एसी नाही."

तर जुलैची गोष्ट. रात्रभर पाऊस झाला. सकाळी गाडी उघडली तर कोपऱ्यातलं ज्वारीचं पोतं खालून ओलं. ते पीठ गटाच्या एका ताईने उधारीवर ज्वारी घेऊन दळून आणलं होतं. वर छताला कुठेच ओल नव्हती. मग पाणी आलं कुठून?

एसटीत बसताना तिच्या अंगाकडे कधी नीट पाहिलंय? जुन्या लाल गाडीवर रिव्हेटच्या रांगा दिसतात आणि मधून आडव्या पट्ट्या जातात. आपली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिल्यांदा धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांत अशा कितीतरी बॉड्या बांधल्या गेल्या. ती आडवी पट्टी शोभेची आहे असं मलाही वाटायचं. पण गाडीचा पत्रा एकसंध नसतो. वरचा तुकडा आणि खालचा तुकडा जिथे भेटतात, तिथे सांधा असतो. पट्टी त्या सांध्यावरचं झाकण असते. ती सैल झाली की पाणी मागे शिरतं. बाहेरून काही दिसत नाही, आत लाकूड मात्र भिजत राहतं.

गॅरेजवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, जुन्या पट्टीवरच नवी रुंद पट्टी मारतो, कडेने सिलिकॉन भरतो, अर्ध्या दिवसात काम होईल. गटातली एक सून सुताराच्या घरची. ती म्हणाली, "ताई, आतलं लाकूड सडलं असन तं? आधी खोलून पाहा." खोलायचं म्हणजे मजुरी वाढणार, गाडी पंधरा दिवस उभी राहणार. बैठकीत मत घेतलं. मी झाकायच्या बाजूने बोलले. मी समन्वयक, माझं बोलणं बायांनी ऐकलं. ओल्या पिठाचं नुकसान गटाने सोसायचं की त्या ताईने, हा प्रश्नही मी पुढच्या बैठकीवर ढकलला. पट्टीचा खर्च रजिस्टरात "किरकोळ" म्हणून लिहून टाकला.

सप्टेंबरात पुन्हा तेच झालं. या वेळी पोतंच नाही, झोपायच्या फळीखालचं प्लायवूडही फुगलं. अंगठ्याने दाबलं तर अंगठा आत गेला.

दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर, आम्ही ती बाजू पूर्ण खोलली. सोबत एक वयस्कर बॉडीमिस्त्री होते. त्यांची अट एकच: "हात तुमचे, डोळे माझे." त्या आठ दिवसांत शिकलेलं तुम्हाला सांगते. तुमच्याकडे मॅटाडोर नसेल, पण पत्र्याची टपरी, मालवाहू टेम्पो, शाळेची व्हॅन असेल. सांधा सगळीकडे सारखाच.

आधी गळती शोधायची. एक बाई टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरी बाहेरून पाणी सोडेल. पाणी खालून वर सोडत जायचं. आधी खालचा सांधा, मग मधला, मग वरचा. एकदम वरून ओतलं तर सगळीकडून ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. आमची गळती ओलीच्या जागेपासून दोन हात लांब निघाली. लाकडाच्या आधाराने पाणी आडवं सरकत आलं होतं.

काम सुरू करण्याआधी गॅसचं सिलिंडर गाडीतून उतरवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. आतून वायर किंवा गॅसची नळी कुठून जाते ते पाहून बाहेर खडूने खूण करा. पदर खोचा, बांगड्या काढा, डोळ्यांवर चष्मा लावा. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, म्हणजे पातं हवं तेवढंच आत जाईल. ड्रिल पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा माझा हात कापत होता. तिसऱ्या रिव्हेटला थांबला.

रिव्हेट काढताना फक्त त्याचं डोकं ड्रिलने उडवायचं आणि उरलेला दांडा मागे ढकलायचा. छिद्र मोठं करायचं नाही. काढलेली पट्टी वाकडी असली तरी फेकू नका, नव्या पट्टीचं माप आणि छिद्रांच्या जागा तिच्यावरूनच मिळतात. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा टाका, मोबाइलने फोटो काढा.

पट्टी निघाल्यावर आत काय होतं? गॅरेजवाल्याने अॅल्युमिनिअमच्या पट्टीत लोखंडी स्क्रू मारले होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की तिथे बारीकशी बॅटरीच तयार होते. त्यात अॅल्युमिनिअम झिजतं आणि पांढरी भुकटी होऊन गळतं. आमची छिद्रं अशी खाऊन बोटभर झाली होती. शिवाय भरलेलं सिलिकॉन आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं. ते काचेला, बाथरूमच्या टाइल्सला ठीक, पण त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो आणि त्यावर रंगही बसत नाही. सर्वांत वाईट म्हणजे त्याने पट्टीची खालची कडसुद्धा बंद केली होती. वरून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही.

इथे मिस्त्रीकाकांनी एकच प्रश्न विचारला, "बाई, घरावर कौलं कशी घालतात?" वरचं कौल खालच्या कौलावर. उलटं घातलं तर पाणी घरात. पत्र्याचंही तसंच. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला हवा. पट्टीची वरची कड आणि दोन्ही टोकं नीट बंद करायची, खालची कड मोकळी ठेवायची. आत गेलेलं पाणी तिथून गळून जातं.

सडलेलं लाकूड चांगलं लाकूड लागेपर्यंत कापलं आणि नवा तुकडा जोडला. हे काम आमच्या सुनबाईने केलं, बापाकडे बसून शिकलेली पटाशी तिने इतक्या वर्षांनी हातात धरली. मग आठवडाभर ऊन दिलं. लोखंड तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साईड लावलं. अॅल्युमिनिअमला त्याचा वेगळा प्रायमर लागतो, दुकानात तसं सांगूनच घ्यायचा.

नवी पट्टी अॅल्युमिनिअमची, रिव्हेटही अॅल्युमिनिअमचे. आधी पट्टी कोरडीच लावून पाहिली. सांध्यासाठी ब्युटाइलची चिकट टेप वापरली. गाड्यांसाठी मिळणारं पीयू सीलंटही चालतं. रिव्हेट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचं, म्हणजे पट्टी फुगत नाही. आणि टोकाला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. का? बारा फुटी अॅल्युमिनिअमची पट्टी चाळीस अंशांनी तापली की तीन मिलिमीटरपेक्षा जास्त लांबते. घाटावरची जानेवारीची पहाट आणि घाटाखाली मलकापूर-शेगावची मे महिन्यातली दुपार, आपल्याच जिल्ह्यात एवढा फरक पत्र्याला सोसावा लागतो. जागा नसली की पट्टी मध्ये फुगते, रिव्हेट ओढते आणि सांधा पुन्हा उघडतो.

एक सूचना. पट्टी बदलणं ही दुरुस्ती आहे. पण खिडकी कापायची, बॉडीचा आकार किंवा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. नाहीतर नोंदणीच्या पुस्तकात एक आणि गाडीवर भलतंच, असं होतं.

खर्चाचं म्हणाल तर, जुलैमध्येच खोललं असतं तर एक लाकूड बदलावं लागलं असतं. दिवाळीनंतर तीन बदलावी लागली, शिवाय प्लायवूड आणि दोन पोती पीठ. हा हिशेब मी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. "किरकोळ" खोडलं आणि कशावर किती गेले ते एकेक ओळ लिहिलं. माझ्या सांगण्यावरून झालेला खर्च म्हणून तशी नोंदही केली. पिठाचं नुकसान गटाने सोसायचं ठरलं, कारण गाडी गटाची होती. ती ताई अध्यक्ष काकूंशी बोलत नव्हती. पैसे हातात पडले तेव्हा ती पैशाबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "पहिल्याच दिवशी इचारलं असतं तं बी चाललं असतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

११ जानेवारीच्या रात्री आम्ही चौघी सिंदखेडराजाला गाडीत झोपलो. बाहेर दव पडत होतं. मध्यरात्री मला जाग आली आणि मी अंधारातच हात लांबवून कोपऱ्यातलं पोतं खालून चाचपलं. कोरडं होतं. शेजारून अध्यक्ष काकूंचा आवाज आला, "मी आत्ताच पाह्यलं, झोप आता."

तुमच्या गाडीची, टपरीची पट्टी या रविवारी एकदा अंगठ्याने दाबून पाहा. ड्रिलच्या मुठीने टकटक करा. आवाज खणखणीत आला तर ठीक, भद्द आला तर पावसाच्या आधी खोला. आणि गटात एखादी "आधी खोलून पाहा" म्हणाली, तर तिचं म्हणणं रजिस्टरात लिहून घ्या.

पुढच्या खेपेला उन्हाळी कुरडया-पापडाच्या ऑर्डरींबद्दल बोलू. नमस्कार.