देवद्रव्य आणि राज्यघटना



१९५० साली तत्कालीन मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. मंदिर, मठ, अग्यारी या सर्वांना नोंदणी, हिशेब व लेखापरीक्षण बंधनकारक झाले. एवढ्यावर भागले असते, तर वादाला फारशी जागा नव्हती. पण याच कायद्यान्वये धर्मादाय आयुक्ताला धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची मुभा न्यायालयास मिळाली. शिवाय दात्याचा मूळ हेतू सिद्धीस जाण्यासारखा असतानाही, लोकहिताच्या नावाखाली निधी अन्य कार्याकडे वळविण्याची वाट मोकळी झाली. देवद्रव्याच्या परंपरेला हा थेट धक्का होता.

पंचमहाल जिल्ह्यातील वेजलपूर येथील देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी या कायद्यास आव्हान दिले. मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्तही स्वतंत्रपणे न्यायालयात गेले. मंदिराचे द्रव्य धर्मकार्यासाठीच असते, ते अन्यत्र खर्च करावयास लावणे हा धर्मस्वातंत्र्याचाच भंग होय, असे जैनांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयास ते पटले नाही. धर्म म्हणजे मनुष्याच्या सदसद्विवेकाचा विषय, अशी संकुचित व्याख्या तेथे स्वीकारली गेली.

१८ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्या. बी. के. मुखर्जी यांनी निकाल दिला. धर्म केवळ श्रद्धेत नसतो, आचारातही असतो, हे त्यांनी मान्य केले. धर्मादाय आयुक्ताला धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमणारी तरतूद रद्द झाली. मूळ हेतू शक्य असताना निधी वळविण्याची तरतूदही घटनाबाह्य ठरली.

मात्र विजय एकतर्फी नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. धर्माच्या बाबींत संप्रदाय स्वायत्त. पण मालमत्तेचा कारभार कायद्यानुसारच चालवावा लागतो, हा कलम २६ मधील भेद न्यायालयाने काटेकोरपणे पाळला. नोंदणी कायम राहिली, लेखापरीक्षण कायम राहिले. वार्षिक अंशदानही टिकले! गंमत अशी की, दोनच दिवसांपूर्वी शिरूर मठाच्या खटल्यात मद्रासच्या कायद्यातील असेच अंशदान 'कर' ठरवून याच न्यायमूर्तींनी रद्दबातल केले होते. मद्रासचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाई. मुंबईत त्यासाठी स्वतंत्र निधी होता, म्हणून ते 'शुल्क' ठरले.

वेजलपूर १९६० पासून गुजरातेत आहे. तो अधिनियम महाराष्ट्रात आता 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम' या नावाने लागू आहे, आणि येथील देरासरांच्या हिशेबवह्या आजही त्याच कायद्याखाली तपासल्या जातात.